चिंचोके, सागरगोटा आणि सबनीसबाई

आधी तक्रार. नमस्कार मागाहून.

शाळेच्या सत्कार समितीचे दोघे जण माझ्या ओट्यावर आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "हिराबाई, सबनीसबाईंना साठ वर्षं पूर्ण होतायत. गौरव अंकासाठी काहीतरी लिहून द्या. गोड लिहा." मी विचारलं, बाईंचा शनिवारचा वाचनाचा तास बंद का केलात? तर एक जण कपात बघायला लागला आणि दुसरा म्हणाला, "आजी, तो विषय अंकात नको. आनंदाचा प्रसंग आहे." म्हणजे बाईंना शाल द्यायची, नारळ द्यायचा, आणि ज्या कामासाठी हे सगळं द्यायचं ते काम अडगळीत टाकायचं. मला हे पटलेलं नाही. म्हणून लिहिते आहे. नाहीतर मासळी सोडून कागद घेऊन बसणाऱ्यातली मी नाही.

आता सर्वांना नमस्कार. मी हिराबाई, कल्याणच्या खाडीकाठची कोळीण. शाळेत दुसरीपर्यंत गेले, त्यातही निम्मे दिवस घरीच. अक्षर माझंच आहे. शब्द चुकले असतील तर छापणाऱ्याने सुधारावेत, अर्थ सुधारायला जाऊ नये.

श्रीमती कुंदाताई सबनीस यांची आणि माझी पहिली ओळख शाळेतली नाही, बाजारातली. पंच्याऐंशी सालच्या आगेमागची गोष्ट. शाळा सुटली की त्या पिशवी घेऊन मासळी बाजारात यायच्या. मी म्हणायचे, "ताई, आजचाच बांगडा आहे, डोळे मिटून घ्या." त्या डोळे कुठले मिटतात! खाली वाकायच्या, बोटाने कल्ला उघडून आतला लाल रंग बघायच्या, पोट दाबून बघायच्या, मग पुढचा बांगडा. पाच घ्यायचे तर सगळी टोपली तपासून व्हायची. एकदा मी चिडून म्हणाले, "ताई, कालवणाला बांगडा बघताय की मुलीला नवरा?" त्या हसल्या, पण हात थांबला नाही. म्हणाल्या, "मावशी, तुमच्यावर विश्वास आहे माझा. पण कल्ला उघडल्याशिवाय आत काय आहे ते मला कळत नाही. खोड आहे ती माझी."

या खोडीवरच त्यांनी पुढे आमच्या घरातलं एक आयुष्य वाचवलं. पण ते क्रमाने सांगते.

माझी मोठी नात हेमलता तेव्हा तिसरीत होती. दुसरीत एकदा नापास झालेली. तिचा बाप, म्हणजे माझा एकनाथ, रेतीच्या होडीवर कामाला. त्याने ठरवूनच टाकलं होतं, या वर्षी परत नापास झाली तर शाळा बंद. घरात बसेल, धाकट्यांना सांभाळील, बोंबील वाळत घालील. मला ते मान्य नव्हतं. कारण हेमा घरात पुस्तक उघडायची आणि पानंच्या पानं धडाधड म्हणायची. मी एकनाथला सांगायचे, पोरगी हुशार आहे, मास्तर लोकांना कळत नाही.

अशात शाळेने पालकांना बोलावलं. मी टोपली बाहेर ठेवून आत गेले. व्हरांड्यात एका ओळीत करवंट्या मांडलेल्या, प्रत्येकीवर एकेका पोराचं नाव, आणि आत चिंचोके. कोणाच्यात तीन, कोणाच्यात मूठभर. माझ्या हेमाची करवंटी शिगोशीग भरलेली! दोन चिंचोके तर खाली पडलेले. ते उचलून मी परत वर ठेवले. शेजारी कोणा बँकेतल्या साहेबांची बायको उभी होती. मी तिला म्हणाले, "बघा, ही माझी नात. तुमच्या मुलाला तीनच मिळाले वाटतं? असू द्या, लहान आहे, पुढच्या वेळेला मिळतील." तिने माझ्याकडे बघितलं, करवंटीकडे बघितलं आणि पदराने तोंड पुसलं. मग मी आणखी दोघीतिघींना बोलावून हेमाची करवंटी दाखवली. हेमा खांबाला टेकून बघत होती.

तेवढ्यात वर्गातून बाई बाहेर आल्या. बघते तर माझं रोजचं गिऱ्हाईक!

"मावशी, तुम्ही?"

"ताई, तुम्ही?"

मी हेमाची आजी हे कळल्यावर त्यांनी मला आतल्या वर्गात नेलं, आणि तिथून मी कायमची आजी झाले. बाजारात मावशी होते, चार पायऱ्या चढले तर वय वाढलं. दार लोटून बाई म्हणाल्या, "आजी, मूल वाचताना ज्या शब्दाला अडतं, त्या शब्दाला एक चिंचोका पडतो. करवंटी भरलेली आहे याचा अर्थ आपल्याला काम फार आहे."

माझे कान तापले. मी म्हणाले, "मग बाहेरच का नाही सांगितलंत? मी सगळ्या आळीला सांगून बसले."

"तुम्ही इतक्या ऐटीत उभ्या होतात," बाई म्हणाल्या, "आणि हेमा तुमच्याकडे बघत होती. त्या करवंटीला ती महिनाभर लाजत होती. आज पहिल्यांदा ती ताठ उभी राहिली. ते मी का मोडू?"

असलं बोलणं मला झेपत नाही. मी विषय बदलला. म्हणाले, "पण तिला सगळं पुस्तक येतं हो!"

"पुस्तक पाठ आहे, आजी. वाचता येत नाही."

झालं. बाईंनी कल्ला उघडला होता.

बाईंची रीत काय होती ते आजच्या लोकांना ठाऊक नाही, म्हणून सांगते. शनिवारी सकाळच्या शाळेत बाई एकेका मुलाला व्हरांड्यात बसवून वाचून घ्यायच्या. उतारा स्वतः लिहायच्या, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, मोठ्या अक्षरात. कधी शहाडच्या पुलावरचा, कधी बाजारातल्या भांडणाचा. दर महिन्याला उतारा नवा, म्हणजे पाठ करायची सोय नाही. लांबी मात्र तेवढीच, म्हणजे मागच्या महिन्याशी ताडून बघता यावं. मूल अडलं की चिंचोका. आणि करवंटीच्या तळाशी फडक्याची चिंधी, का तर चिंचोका पडल्याचा आवाज होऊन मूल आणखी घाबरू नये. ही चिंधी मी विसरलेले नाही. वाचून झालं की बाई विचारायच्या, "आता तुझ्या शब्दांत सांग, काय झालं?" सांगता आलं नाही तर वर एक सागरगोटा. एखादं मूल न अडता सगळं वाचायचं आणि तरी सागरगोटा घेऊन उठायचं. बाई म्हणायच्या, चिंचोक्यांची मला भीती नाही, ते कमी होतात. सागरगोटा वाईट. तो वरून दिसत नाही.

त्या वेळच्या मुख्याध्यापकांना ही करवंट्यांची कल्पना आवडली. म्हणाले, नंबर लावा आणि फळ्यावर लिहा, पहिला कोण, शेवटचा कोण. मी दारातच होते, माझ्या कानांनी ऐकलं. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "सर, हेमाच्या करवंटीशेजारी हेमाचीच मागच्या महिन्याची करवंटी ठेवा. दुसऱ्या मुलाची ठेवणार असाल, तर हे सगळे चिंचोके मी आत्ता मैदानात टाकून देते." फळ्यावर नंबर लागले नाहीत.

हेमाचं काय करायचं ते बाईंनी त्या पहिल्या दिवशीच ठरवलं. म्हणाल्या, "तिच्या वडिलांना सांगा, दिवाळीपर्यंत मला द्या. आणि आजी, रोज संध्याकाळी तिने तुम्हाला एक पान वाचून दाखवायचं."

"मला कुठलं आलंय तपासायला?"

"तपासू नका. ऐका. जिथे तुम्हाला कळलं नाही तिथे थांबवा आणि विचारा, म्हणजे काय? लोकांना थांबवणं तुम्हाला जमेल असं वाटतं."

हे शेवटचं त्या हसत म्हणाल्या. बाजारात बघितलं होतं त्यांनी मला.

मग रोज संध्याकाळी मी कोलीम, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, निवडत बसायचे आणि हेमा समोर कॅलेंडरचा कागद धरायची. "शहाडच्या पुलाखाली नदीला उधाण..."

"थांब. उधाण नदीला कसं येईल गो? उधाण खाडीला. नीट बघ."

ती परत बोट ठेवून बघायची. "उ... ता... र. उतार पडला होता."

"मग उधाण कुठून आणलंस?"

"मला वाटलं."

"वाटू नको देऊ. वाच."

पहिलं अक्षर बघायचं आणि बाकीचा शब्द घरचा घालायचा, ही तिची चोरी होती. एका पानाला दिवेलागण उलटायची. कधी ती रडायची, कधी मी कागद भिरकावून द्यायचे. एकनाथ आतून ओरडायचा, "आये, कशाला डोकं फोडून घेतेस? तिला नाय येणार." मी म्हणायचे, "तू गप. माझी गोष्ट अर्धी राहिली आहे." आणि ते खोटं नव्हतं. बाई उतारे असे लिहायच्या की पुढे काय झालं ते कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मधे हेमाला गोवर आला. शनिवार चुकला. रविवारी बघते तर बाई खाडीच्या वाटेने चिखल तुडवत येतायत, हातात कॅलेंडरची गुंडाळी. मी दारातूनच म्हणाले, "ताई, आजारी पोरीला तरी सोडा!" बाई म्हणाल्या, "आज ती वाचणार नाही. आज मी वाचणार, तिने पडून ऐकायचं." उशाशी बसून त्यांनी सगळा उतारा वाचला, प्रत्येक माणसाचा आवाज वेगळा काढून. करवंटी आणलीच नव्हती. माझा एकनाथ भिंतीला टेकून ऐकत होता, ऐकत नाही असं दाखवत. जाताना बाईंनी माझे वाळत घातलेले बोंबील मात्र उलटून बघितले. खोड ती खोड.

दिवाळीच्या आधी एकनाथ शाळेत गेला, दाखला मागायलाच गेला होता. मीही मागोमाग गेले. बाईंनी वाद घातला नाही. टेबलावर दोन करवंट्या ठेवल्या, हेमाची पहिली आणि हेमाची त्या महिन्याची. पहिलीतले चिंचोके त्यांनी तसेच जपून ठेवले होते. म्हणाल्या, "हात घालून बघा." माझा मुलगा कागदावर विश्वास ठेवणारा नाही. प्रगतिपुस्तकावर तो अंगठ्यासारखी सही करायचा आणि परत द्यायचा. पण त्याने पहिल्या करवंटीत हात घातला, मूठ चिंचोक्यांनी भरली. दुसरीत बोटं तळाच्या चिंधीला लागली.

"शिकून झाली असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "चालायला लागली आहे, एवढंच म्हणते. आता तुम्ही तिला बसवू नका."

एकनाथने माझ्याकडे बघितलं. "आये, तू काय सांगतेस?"

"मला रोज गोष्ट लागते," मी म्हणाले. "तू वाचून दाखवणार असशील तर काढ तिला."

दाखला न घेता तो घरी आला.

हेमा आज ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसते आणि भोंग्यावर गाड्या पुकारते. कोणाची भिवंडी, कोणाची मुरबाड. एखादी म्हातारी चुकीच्या गाडीत चढली तर ती खिडकीतून उठून बाहेर येते. बाई एकदा मुद्दाम तिथे जाऊन उभ्या राहिल्या होत्या, तिकीट न काढता, नुसत्या ऐकत.

आता मुद्द्यावर येते. दोन वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या. त्यानंतर करवंट्या माळ्यावर गेल्या, चिंचोके कुठे गेले कोणाला माहीत नाही, आणि शनिवारच्या तासाला कवायत आली. माझी धाकटी नात सायली आता तिसरीत आहे, त्याच शाळेत, त्याच वर्गात. तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलंय, वाचन उत्तम. बरं वाटलं. पण सबनीसबाईंच्या हाताखालून गेलेली मी. संध्याकाळी तिच्यासमोर वर्तमानपत्राचा कागद ठेवला. पोरीने एका दमात वाचला, एकही चिंचोका नाही. मी विचारलं, "म्हणजे काय झालं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. परत वाचायला लावला. परत एका दमात. "अगं, पण कोण कुठे गेलं?" तर म्हणते, "आजी, बाई असं विचारत नाहीत. वाचलं की बस खाली म्हणतात."

मासळीवर आम्ही पाणी मारतो, वरून चमकावी म्हणून. ते 'उत्तम' तसलं आहे. आताचे मुख्याध्यापक सर वाईट माणूस नाहीत, शिकवणाऱ्या बाईही कष्ट करतात. पण कल्ला कोणी उघडत नाही. आणि माझी सायली हेमासारखी अडली असती तर निदान दिसलं असतं. ती अडत नाही, म्हणून ती कोणाला दिसणारच नाही.

बाई, तुम्ही खूप जगा. गुडघे चालते राहोत, दात शाबूत राहोत, बांगड्याचा काटा शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने काढा, आणि माझ्या टोपलीतला प्रत्येक मासा उलटून बघा. मी आता कुरकुर करणार नाही. म्हणजे करीन, पण मनातल्या मनात.

सत्काराच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसणार आहे, सायलीला घेऊन. शाल देऊन झाली, भाषणं झाली, की मी वर येईन आणि टेबलावर एक करवंटी ठेवीन. आत चिंचोका नसेल. एकच सागरगोटा असेल, सायलीचा. शनिवारचा तास कधी सुरू होणार, ते तिथेच सांगायचं. उत्तर समितीने द्यायचं नाही, पाहुण्यांनी द्यायचं नाही. बाईंनी तर तोंडही उघडायचं नाही, त्यांनी जन्मभर उत्तरं दिली आहेत. मुख्याध्यापक सरांनी उठायचं, माइक हातात घ्यायचा आणि सायलीकडे बघून उत्तर द्यायचं.