काढा औषधात मोजायचा राहिला

मंडळी, आज मान खाली गेली.

तेल्हाऱ्याच्या काकूंचे डोळे पिवळे पडले, म्हणून त्यांना अमरावतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आणखी कोणतं औषध सुरू आहे?" मी, क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवणारा, ठणकावून म्हणालो, "काहीच नाही!"

काकू म्हणाल्या, "औषध नाई वो बाई, गुयवेलीचा काढा घेऊन राहिली. लिव्हरले चांगला म्हणून या बाबूनंच वेल धाडला."

"आधी तो गुळवेलीचा काढा बंद करा. त्यानंही लिव्हरला इजा होऊ शकते," डॉक्टरबाई मला म्हणाल्या.

"त्याले बोलू नका, मायेनं देल्ला त्यानं," काकूच मध्ये पडल्या.

घरी येऊन फॅमिली ग्रुप उघडला. 'काढा घ्या' म्हणून मी टाकलेल्या मेसेजखाली अकोल्याच्या मामांचं उत्तर होतं, "आजपासून मीबी सुरू केला."

त्यांना फोन लावतोय. तुम्ही डॉक्टरांना काढ्याचंही सांगता का हो?