हिरवा ठिपका

ठिपकेमावशी चौदा वर्षं आरोग्य खात्यासाठी विंचू शोधत होत्या आणि चौदा वर्षं विंचवाला भीत होत्या. पाठीवरच्या पिशवीत लांब चिमटा, झाकणाची बरणी आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी. अंधारात त्या उजेडाखाली विंचू हिरवट चमकतो. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमच्या आईचं," असं लेक चिडवायची.

घर तपासलं की नकाशावर ठिपका. सापडला तर लाल, शोधूनही नाही सापडला तर हिरवा. घर तपासायचं राहिलं तर जागा कोरी. लाल ठिपके दाट, तिथे विषावरचं औषध आधी पोचायचं आणि फटी बुजवणारी माणसं आधी जायची.

त्या सकाळी साहेब नकाशावर पेन्सिल फिरवत म्हणाले, "मावशी, ही गल्ली अख्खी हिरवी. हिला औषधाच्या यादीतून काढतो."

तेवढ्यात फोन वाजला. त्याच गल्लीतल्या एका बाईला चुलीमागे विंचू चावला होता. लहान, लालसर. तिला दवाखान्यात नेलं होतं, दरदरून घाम आणि उलट्या थांबत नव्हत्या.

त्या बाईच्या घराला भिंत लागून मावशींच्या लेकीचं सासर होतं. तिथे तीन महिन्यांची नात होती.

आणि तिथला हिरवा ठिपका खोटा होता.

पंधरा दिवसांपूर्वी त्या तिथे गेल्या, तेव्हा विहीणबाई दारातच हसल्या होत्या. "आमच्याकडे विंचू? अहो, आमच्या घरात झुरळसुद्धा विचारून येतं!" मुलीच्या सासरी मागची खोली उपसून काढायची कशी? जागा कोरी ठेवली तर साहेबच तपासायला येणार, मग विहीणबाईंचा अपमान. मावशींनी चहा घेतला आणि हिरवा ठिपका देऊन मोकळ्या झाल्या.

आता त्या जवळजवळ पळतच निघाल्या. दार विहीणबाईंनी उघडलं.

"अगंबाई! आज न सांगता?"

"बाळ कुठंय?"

"मागच्या खोलीत. दोघी आत्ताच झोपल्यात. उठवू नका हं."

लेक जमिनीवरच्या गादीवर कुशीवर झोपली होती. भिंतीकडच्या बाजूला नात, एक मूठ दुपट्याबाहेर. मावशींनी खिडकीवर चादर टाकली. बॅटरी लावली.

भिंतीच्या तळाशी काही नाही. ट्रंकेखाली काही नाही. उजेड गादीच्या कडेला आला आणि तिथे हिरवं पेटलं. नातीच्या मुठीपासून वीतभर लांब. नांगी वर.

ओरडावं तर लेक दचकून कूस बदलेल. नातीला उचलावं तर दुपटं त्याच्यावरून जाईल. मावशींनी बॅटरी दातांत धरली, चिमटा पुढे केला. दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं, श्वास रोखला आणि शेपटीवर नेम धरला.

चिमट्यात तो वळवळला. बरणीचं झाकण लागेपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही. मग नातीला उचलून छातीशी धरलं. नात रडायला लागली, लेक जागी झाली.

"आई? काय झालं?"

"ऊठ. आधी बाहेर हो."

दारात विहीणबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "पण तुम्ही तर मागं म्हणालात, काही नाही म्हणून!"

"बघितलंच नव्हतं मी," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

विहीणबाईंनी ट्रंकेच्या कडीला हात घालून ती ओढली. "मी हलवते, तुम्ही उजेड धरा." भिंतीच्या फटीत आणखी दोन चमकले.

ते बरणीत गेल्यावर मावशींनी साहेबांना फोन लावला. "साहेब, ती गल्ली यादीतून काढू नका. तिथला माझा एक ठिपका खोटा आहे."

"एकच?"

ओळखीची घरं, घाईचे दिवस, जेवणाच्या वेळा. किती दारांतून मावशी नुसत्या चहा पिऊन परतल्या होत्या, हे त्यांना आठवत नव्हतं.

"माहीत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. बरणी पिशवीत घालून त्यांनी शेजारचं दार वाजवलं.