साहेबाच्या कादंबरीतलं मराठी

नवऱ्याच्या हॉस्पिटलातल्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडात लेस्टरला आलो. मी मराठीची एम. ए., म्हणजे तिथल्या मानाने काहीच नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा कौन्सिलच्या लायब्ररीत पार्टटाइम काम मिळालं.

एकदा सत्तरीच्या एक इंग्रज बाई काउंटरवर आल्या. शाळेतून रिटायर झालेल्या, ताठ पाठीच्या.

"तुम्ही पूनाच्या ना?"

मी सोलापूरची. पण इथे तेवढा फरक चालतो, म्हणून हो म्हटलं. त्यांचे पणजोबा पुण्याच्या कॅम्पात इंग्रजी साप्ताहिकाचे संपादक होते आणि कादंबरीकारही. 'नेटिव्हांच्या हृदयाचे जाणकार' अशी त्यांची ख्याती होती म्हणे. जन्मभर नेटिव्ह असूनही मी हे नाव ऐकलं नव्हतं.

बाईंनी चहाला बोलावलं आणि पणजोबांचं सगळं आयुष्य सांगितलं. विसाव्या वर्षी ते कारकून म्हणून मुंबईला उतरले. कारकुनी जमेना, म्हणून पत्रकार झाले. गटारांवर अग्रलेख लिहून कलेक्टरशी भांडले, त्यात साप्ताहिक बुडालं. मग लेस्टरला परतून त्यांनी हिंदुस्थानावर एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. त्या खपेनात, तेव्हा गावातल्या पेपरात कुत्र्यांच्या आजारांवर सदर सुरू केलं. ते मात्र मरेपर्यंत चाललं. बाईंना सगळ्याचाच अभिमान होता, कुत्र्यांचासुद्धा.

मग कामाचं निघालं. त्यांच्या नातीचं लग्न ठरलं होतं. पणजोबांच्या एका कादंबरीत एक ब्राह्मण राजकन्या (ही त्यांनी कुठून पैदा केली कोण जाणे) मरताना गोऱ्या कॅप्टनच्या कानात आपल्या भाषेत शपथ घेते. 'चितेपर्यंत मी तुझीच,' असा अर्थ तळटीपेत दिलेला. त्यांच्या घराण्यात प्रत्येक नवरी चर्चमध्ये ती शपथ म्हणते.

"उच्चार तेवढे तपासून द्या," बाई म्हणाल्या.

इंग्रजी अक्षरांत छापलं होतं: हरबरा बिजट गाल. मी तीनदा पुटपुटले आणि चहाचा कप खाली ठेवला. हरभरा भिजत घाल! पणजोबांच्या तबेल्यात रोज कुणीतरी घोड्याच्या मोतद्दाराला हेच ओरडून सांगत असणार.

"बरोबर आहे ना?"

"हो, जवळजवळ," म्हणून मी पळ काढला.

नवरा पोट धरून हसला, मग गंभीर होऊन म्हणाला, "सांगून टाक. उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं तर जास्त लागेल त्यांना."

पुढच्या आठवड्यात जाऊन सांगितलं. बाईंनी पुस्तक मिटलं.

"म्हणजे माझ्या लग्नात मी..."

"हो. हरभऱ्याचं."

"माझा नवरा रडला होता हो चर्चमध्ये." त्यांनी माझ्यापुढचा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला. मला वाटलं, आता जा म्हणतील. मग म्हणाल्या, "नातीला सांगू नका. इंग्रजीतल्या शपथा मी पुष्कळ ऐकल्यात, मोडतानाही पाहिल्यात. ही एकच अजून कुणी मोडलेली नाही. पण उच्चार चोख हवेत."

मग मी त्या मुलीला पंधरा दिवस 'भ' आणि 'घ' शिकवले. लग्नात तिने वाक्य असं खणखणीत म्हटलं, की सोलापूरचा घोडासुद्धा वळून बघेल. माझा नवरा मान खाली घालून गदगदत होता. मागच्या बाकावरच्या एका पाहुणीने त्याच्या हातात टिश्यू दिला आणि हलकेच म्हणाली, "आपली भाषा ऐकली की भरून येतं, नाही?"

त्यानंतर दर मंगळवारी बाई माझ्याकडे मराठी शिकायला यायला लागल्या. 'तो खुर्ची' आणि 'ती पंखा' काही सुटले नाहीत. पण दोन वर्षांत त्या माझ्याशी मराठीत वाद घालायला लागल्या, आणि एकदा त्यात जिंकल्याही.