बशीखालचा चहा

फलंदाजीला निघताना दिवेकरकाका चहाचा मग काकूंच्या हातात देत आणि सांगत, "यावर बशी झाकून ठेव, आलोच." आणि खरोखरच येत. बशी उचलली की चहातून अजून वाफ निघत असे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो विनोद वाटला. पुढच्या रविवारीही तेच झालं, त्याच्या पुढच्याही.

मी पुण्याहून कंपनीच्या कामासाठी साउथहॅम्प्टनला गेलो, तो बटणांच्या फोनचा काळ. काका तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते. मूळचे नागपूरचे, पण उमेदीची सगळी वर्षं इंग्लंडात गेलेली. इंडियन दुकानात मी मेथीची जुडी निवडत होतो, तर मागून आवाज आला, "मराठी का बे? क्रिकेट खेळतोस?"

"कॉलेजात खेळायचो."

"म्हणजे खेळतोस. संडेला बाराला पिकअप करतो. पांढरी पँट आहे ना?"

आमचा संघ शहराबाहेरच्या एका खेड्याचा. गोऱ्यांत आम्ही दोघंच मराठी, आणि स्कोअर लिहायला काकू. मधल्या सुट्टीत पाहुण्या संघाला चहा-फराळ यजमानांनी द्यायचा, ही तिथली रीत. काकडीच्या सँडविचांशेजारी काकूंची कोथिंबीरवडी येऊ लागल्यापासून पाहुणे आमच्याकडे यायला एका पायावर तयार असत. संघात काकांची जागा पक्की होती ती या वड्यांमुळे, असं कॅप्टन ग्रॅहम तोंडावर म्हणे आणि काका मान डोलवत.

कारण आमच्या संघासाठी त्यांनी कधी एकही धाव काढली नव्हती. त्रिफळा उडाला की परत येऊन म्हणायचे, "बॉल चांगला होता. आपण त्याचा मान ठेवला." एकदा तर एकही चेंडू न खेळता बाद झाले. पाहुण्या संघातल्या बोलरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याला भूल काकांनीच दिली होती. काका बोलरच्या टोकाला उभे होते, आणि चेंडू खेळात असताना हे क्रीज सोडून त्याच्यामागे चौकशी करत निघाले. "गुडघा ठीक आहे ना?" एवढं इंग्रजीत विचारून होईतो कोणीतरी मागे यष्ट्या उडवल्या. बोलर बिचारा सॉरी म्हणत राहिला. काका त्याला म्हणाले, "चालतोस छान, हे महत्त्वाचं."

झेलाची गोष्ट तर अजून सांगतात. उंच उडालेल्या चेंडूखाली काका "माझा, माझा!" करत धावले. ग्रॅहमला त्याचा अर्थ कळायचं कारणच नव्हतं. तोही धावला. दोघं धडकून आडवे आणि चेंडू मधोमध गवतात. त्यानंतर आमचे सगळे गोरे गडी झेल घेताना "माझा!" असंच ओरडू लागले.

परतताना गाडीत मी एकदा विचारलं, "काका, वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. का नाही वाटणार? एक रन पाहिजे बाप्पा, एकच. या सीझननंतर रिटायर होऊन नागपूरला चाललो. भाऊ विचारेल, इतकी वर्षं काय करून राहिला होतास?"

मला फार वाईट वाटलं. हा माणूस मनापासून हसतो खरा, पण मनापासून खेळतोही, हे तेव्हा लक्षात आलं.

त्यांचा शेवटचा सामना आला. घर विकून झालं होतं, तिकिटं काढलेली होती. ग्रॅहमने त्यांना नेहमीसारखं शेवटी न ठेवता मध्येच पाठवलं. काकांनी चहाचा मग काकूंकडे दिला, बशीची आठवण करून दिली आणि निघाले. रविवारच्या क्रिकेटात पंच बॅटिंग करणाऱ्या संघातलेच असतात. मी लवकर बाद झाल्यामुळे तो पांढरा कोट माझ्या अंगावर होता.

काकांनी जोरात बॅट फिरवली. चेंडू पॅडला लागून बाजूला गेला आणि काका पंगत चुकेल अशा घाईने धावत माझ्या टोकाला पोचले. मैदानभर टाळ्या. पाहुणेही वाजवत होते. काकू उभ्याच राहिल्या.

चेंडू बॅटला न लागता पायाला लागला, तर ती लेगबाय. धाव संघाची, फलंदाजाची नाही. स्कोअर लिहिणाऱ्याला कळावं म्हणून पंचाने गुडघा उचलून त्यावर थोपटायचं असतं. मी हात मागे बांधून उभा राहिलो.

"पॅडला लागला बे," काका धापा टाकत म्हणाले.

"मला बॅट वाटली, काका."

"वाटून नको राहू. सिग्नल दे."

मी ढगांकडे बघू लागलो. तेव्हा काकांनी माझा खांदा धरला, स्वतःचाच गुडघा उचलला आणि काकूंकडे बघून त्यावर थोपटू लागले. तोल जात होता, तरी थोपटत होते.

"अहो, कळलं!" काकू तिकडून ओरडल्या. "पाय खाली घ्या, पडाल!"

मराठी न कळणारेही पोट धरून हसले. मी हसताना डोळे पुसले. मग काका वाट्याला येईल तो चेंडू जीव खाऊन अडवत राहिले, षटकं संपेपर्यंत. नाबाद शून्य.

परत येऊन त्यांनी बशी उचलली, मगात बोट बुडवलं आणि एकदम ओरडले, "अगं, गार झाला! पार थंडगार!"

"थांबा, दुसरा करते."

"हात लावू नकोस." ग्रॅहमला, पाहुण्यांना, सगळ्यांना बोट बुडवायला लावून झाल्यावर त्यांनी तो साय धरलेला चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

आता ते नागपुरात असतात. रविवारी सामना संपला की मी त्यांना फोन लावतो. किती काढल्या, कोण जिंकलं, हे ते नंतर विचारतात. आधी विचारतात, "चहा गार झाला का बे?"