अंगात शर्ट-पॅन्ट, पायात चप्पल

तो संदेश मला आजही तोंडपाठ आहे. ‘वय अडुसष्ट वर्षे, उंची पाच फूट पाच इंच, बांधा मध्यम, रंग सावळा, केस पांढरे, अंगात शर्ट-पॅन्ट, पायात चप्पल. मिळून आल्यास या पोलीस ठाण्यास कळवावे.’ मीच सांगितला, हवालदाराने लिहून घेतला, वायरलेसवर गेला आणि पोलिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही पडला. दोन मिनिटांचं काम होतं.

कागदाच्या बाबतीत मी स्वतःला फार शहाणा समजायचो. अंधेरीला नेमणूक होती तेव्हा वरिष्ठ आपले अहवाल माझ्याकडून लिहून घ्यायचे. पुढे पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात आलो तरी ती ऐट कायम होती. नवीन पोरांना झापायचो, “समास सोड रे, जावक क्रमांक कुठाय, खाडाखोड चालणार नाही.” समास, तारीख, सही, शिक्का जागच्या जागी असले की कागद उत्तम, अशी माझी पक्की समजूत होती.

मिसिंगची तक्रार घेऊन आलेल्या बाई साठीच्या होत्या. मूळच्या मालवणकडच्या, लग्न न झालेल्या. हरवलेला माणूस म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. त्यानेही लग्न केलं नव्हतं. मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात फिटर होता, निवृत्त झाला होता. आईवडील गेल्यापासून एका खोलीत ही दोघंच राहत. आदल्या दिवशी सकाळी तो बाहेर पडला आणि रात्रीही घरी आला नाही. फोन घरातच राहिला होता.

“कुठे जातो सांगून गेले का?”

“नाय ओ. म्हणजे… मी विचारलंच नाय.”

बाकीचे प्रश्न आमच्या नेहमीच्या रांगेने झाले. बांधा? मध्यम. रंग? सावळा. वर्षानुवर्षं पाहिलेली गोष्ट सांगतो, पोलिसासमोर बसलेला माणूस दोन मिनिटांत पोलिसाच्या भाषेत बोलायला लागतो. घरी कुठली बहीण भावाला ‘मध्यम बांध्याचा’ म्हणते? पण आपण तसं विचारतो, म्हणून तो तसं सांगतो. फोटो आधार कार्डावरचा, तोही ओळखू येईना असा. मी सही केली आणि पुढच्या कामाला लागलो.

त्या रोज येऊ लागल्या. सकाळी दहाला बाकावर बसायच्या, जेवणाच्या सुट्टीला उठायच्या. कुणाशी बोलणं नाही, रडणं नाही. ठाणे अंमलदार म्हणायचा, “मावशी, काही कळलं तर आम्ही फोन करू ना.” त्यावर म्हणायच्या, “घरात बसून काय करू? घर खायला उठतं.” मला तेव्हा त्या बाकावरच्या बाईची थोडी अडचणच वाटायची, खोटं कशाला बोलू.

आठव्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही. “त्या बहिणीलाच विचारा साहेब. रोज भांडणं चालायची दोघांची. बिल्डिंग पाडून नवी होणार आहे, जागा भावाच्या नावावर आहे. आता तुम्हीच समजून घ्या.” माझे कान टवकारले. सांगून न जाणारा भाऊ, शांत बसणारी बहीण, आणि जागा. सगळं कसं फिट्ट बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावरून उठवून त्यांना आत घेतलं. सोबत एक महिला शिपाई होती.

“ताई, भावाशी भांडण झालं होतं का?”

“झालं होतं.”

“कशावरून?”

“शर्टावरून.”

माझं डोकंच फिरलं. टेबलावर हात आपटला. “मी काय रिकामटेकडा आहे? जागेवरून भांडण झालं की नाही, तेवढं सांगा!”

त्या घाबरल्या नाहीत. उलट प्रथमच माझ्याकडे सरळ बघितलं. “जागा? ती तर तो माझ्याच नावावर करणार होता, मीच नको म्हटलं. शर्टावरूनच भांडलो आम्ही. तुम्ही कधी विचारलंत का, कुठला शर्ट?”

नव्हतं विचारलं. आणि मग बाई बोलायला लागल्या. नऊ दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. एक निळा चौकडीचा शर्ट होता, कारखान्यातून निवृत्त होताना सोबतच्या लोकांनी दिलेला. तो झिजला तरी भाऊ सोडेना. सोसायटीच्या मीटिंगलाही तोच. बाई म्हणाल्या, “शरम वाटते रे, फेकून दे.” तो ऐकेना. शेवटी बाईंनी रागारागाने त्याची फाटकी कॉलर उसवली, उलटी करून पुन्हा शिवली. निळा दोरा संपला होता म्हणून पांढऱ्या दोऱ्याने, मोठे मोठे टाके घालून. “मुद्दाम वाकडे घातले, साहेब. म्हटलं, आता तरी लाज वाटून टाकेल. तर सकाळी तोच घातलान आणि म्हणाला, बघ, नवा झाला. मी तोंड फिरवलं. खंय चाललंस म्हणून विचारलं नाय. नायतर रोज विचारतंय.”

आणि मग त्या रडल्या. महिला शिपायाने त्यांचा हात धरला. मी कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहायला बसलो. ‘निळा चौकडीचा जुना शर्ट. कॉलर उलटी करून पांढऱ्या दोऱ्याने हाताने शिवलेली, टाके वाकडे. उजव्या हाताच्या करंगळीचं पेर कारखान्यात तुटलेलं. हाक मारल्यावर आधी डोकं खाजवतो, मग उत्तर देतो.’ असा संदेश मी उभ्या नोकरीत लिहिला नव्हता. हवालदार म्हणाला, “सर, डोकं खाजवतो हे पण टाकू?” म्हटलं, “टाक.”

अर्ध्या तासात फोन वाजला. दोन-तीन स्टेशनं पलीकडच्या एका रुग्णालयातली पोलीस चौकी, बोलणारी तरुण महिला शिपाई. “सर, पांढऱ्या दोऱ्याची कॉलर ना? तो शर्ट आमच्याकडे पिशवीत आहे.”

“आणि माणूस?”

“रस्त्यात पडलेले आणले होते सर. अर्धांगाचा झटका. वाचा गेलेली. अनोळखी म्हणून दाखल होते. काल दुपारी गेले.”

काल दुपारी. म्हणजे तो निनावी फोन आला आणि मी बहिणीला कसं पकडायचं याचे बेत आखत होतो, त्याच सुमारास.

आमच्या फाईलमध्ये त्या चौकीचा संदेश तिसऱ्याच दिवशी आलेला होता. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ ते सत्तर, बांधा मध्यम, रंग सावळा, अंगात शर्ट-पॅन्ट.’ सोबत फोटो होता, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आणि डोक्याला पट्टी. खाली ‘पाहिले’ असा शेरा आणि माझी झोकदार सही. असे ढीगभर संदेश रोज येतात, सगळे सारखेच, कुणालाही लागू पडणारे. त्यांनी लिहिलेलं नियमात होतं. मी लिहिलेलंही नियमात होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी पुन्हा ओळीने वाचले.

अंतिम अहवालात मी एक वाक्य घातलं, ‘पहिल्या संदेशातील वर्णन अपुरे होते व तो संदेश मी स्वतः दिला होता.’ वरिष्ठ म्हणाले, “अरे, स्वतःहून कशाला गळ्यात घेतोस? काढ ते.” म्हटलं, “राहू द्या साहेब.” राहिलं. कुणी जाब विचारला नाही, कुणी काही बोललं नाही. बहुधा कुणी वाचलंच नसावं. शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं, असं पुष्कळदा मनात येतं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत हाताखालच्या प्रत्येकाला एकच सांगत आलो. अहवाल वरच्या साहेबासाठी लिहू नका. ज्याने त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही, अशा कुणा शिपायासाठी लिहा. गर्दीतून तुमचाच माणूस त्याला ओळखता येईल का, एवढं विचारा आणि मग सही करा. आता भाचीच्या ऑफिसातली मंडळीही मला ‘रिपोर्ट रायटिंग’वर बोलायला बोलावतात. जातो, बोलतो, टाळ्या घेतो आणि बोरिवलीच्या रिकाम्या घरी परत येतो. बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्या भाषणात एक गोष्ट मी सांगत नाही.

अंत्यविधीनंतर चार दिवसांनी मी साध्या कपड्यांत त्या रुग्णालयात गेलो होतो. वॉर्डातल्या मावशीला, सिस्टरना, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना विचारलं. वहीत बारीकसारीक लिहून घेतलं आणि तसाच बाईंच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी वाचत गेलो. खाट खिडकीजवळची होती. पहिले दोन दिवस शुद्ध नव्हती. मग डावा हात हलायला लागला. पेज भरवली की घ्यायचे. शेजाऱ्याच्या सुनेने दोनदा मोसंबीचा रस दिला. शुद्धीवर आल्यावर शर्टाची पिशवी उशाशी ठेवा म्हणून खूण केली. इतर पेशंटांना भेटायला लोक आले, की मान वळवून दाराकडे बघत राहायचे.

मी वही मिटली तेव्हा बाईंनी विचारलं, “तुम्ही पहिल्याच दिवशी नीट लिहिलं असतं, तर?”

“तर तिसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्याजवळ असता,” मी म्हणालो. “चूक माझी आहे, ताई.”

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं, तर मी सुटलो असतो. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या.

“भेटूची वेळ काय असता थंय?”

“संध्याकाळी चार ते सहा.”

“चार ते सहा,” त्या म्हणाल्या. “मी घराकच होतंय, साहेब. रोज.”