"नळ बंद कर की गं!"

मंडळी, आज लेक गुडघा फोडून घरी आली. ती फिगर स्केटिंग शिकतीय. लातुरात बर्फ कुठला? चाकांचे बूट, सिमेंटची फरशी. माझी आई म्हणायची, "इथं प्यायला पाणी न्हाई, अन् पोरगी बर्फावर नाचायचं म्हणतीय!"

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हापासून आई दवाखान्यात सिस्टर होती. लढाईतल्या नर्सांची मालिका ती रोज बघायची. जखम धुताना नळ वाहता दिसला की टीव्हीवरच ओरडायची, "नळ बंद कर की गं!" आम्ही लई हसायचो.

दुष्काळ अजून हाय. आई गेल्या महिन्यात गेली.

आज लेकीचा गुडघा आई धुवायची तसाच तांब्याभर पाण्यात धुतला, सांडपाणी घमेल्यात धरलं. समोर तीच मालिका चालू होती. नर्स नळ तसाच सोडून जवानाकडं धावली, अन् माझ्या तोंडून निघालं, "नळ बंद कर की गं!"

लेक खळखळून हसली. हसत हसत आजीच्या खुर्चीकडं वळली, अन् एकदम रडायला लागली.

"गुडघा दुखतोय का गं?"

"व्हय," म्हणाली.

मग मी गुडघ्यावरच फुंकर घालत बसले. दुसरं काय करणार होते, सांगा?