दार, दारी, दरी

माझे मामा चष्म्याचं दुकान चालवतात, पण गिऱ्हाइकाला नंबरापेक्षा शब्दच जास्त देतात. 'कान' म्हणे 'कोन'वरून आला, कारण चष्म्याची दांडी तिथेच वळते. पुरावा? "मी सांगतोय ना!" काचा बसेपर्यंत गिऱ्हाईक मान डोलावतं आणि चष्मा हातात पडला की सुसाट पळतं.

परवा मामेबहिणीच्या लग्नाची बोलणी होती. मुलगा तिनेच पसंत केलेला. ठरायचं एवढंच, की दोन्ही घरं आनंदाने 'हो' म्हणतात का. मामीने आधीच दम भरला होता, "आज शब्द नकोत. चहा द्या आणि हसा."

मामा हसत होते. जरा जास्तच.

मुलाचे वडील संस्कृतचे निवृत्त शिक्षक. अगदी सौजन्याने म्हणाले, "आपल्या दोन घरांत दरी नको, एवढीच इच्छा."

मामांचा कप हवेतच थांबला. "दरी! दरी म्हणजे डोंगराचं दार. दार, दारी, दरी!"

"छे हो! संस्कृतात 'दॄ' म्हणजे फाटणं. विदारक, विदीर्ण त्यातलेच. डोंगर फाटला की दरी."

"फाटायला डोंगर म्हणजे काय पायजमा आहे?"

"अहो, मी जन्मभर हेच शिकवलंय!"

"तरीच पोरं संस्कृत सोडतात!"

मामीने टेबलाखालून लाथ हाणली. ती लागली होणाऱ्या जावयाला. तो बिचारा "सॉरी" म्हणाला.

शिक्षक उठले. "चला." बाहेर जाऊन बूट शोधू लागले.

बहिणीचे डोळे भरून आले. "बाबा, जावई हवाय की दरी?"

"अगं, पण दार..."

"बाबा!"

मामा पाय ओढत बाहेर गेले. घसा खाकरला. जन्मात न वापरलेला शब्द नव्या कवळीसारखा तोंडात बसेना.

"चुकलो," ते म्हणाले. "फाटणंच खरं."

शिक्षकांचा एक बूट पायात, एक हातात. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आता हा 'चूक' शब्द घ्या. त्याचं मूळ बघायला गेलं तर..."

"अहो!" मुलाच्या आईने त्यांच्या हातातला बूट काढून घेतला. "आत चला. मुकाट्याने."

मामी बघतच राहिली. मग पुढे होऊन तिने विहीणबाईंचा हात धरला.

"तुमच्याकडेही?"

"लग्नाच्या दिवसापासून!"

तारीख त्या दोघींनीच स्वयंपाकघरात ठरवली, दार लावून.